चिलटाची अडगळ

केळ्यांचा घड घरांत आला आणि दोन दिवस फळीवर राहिला, कीं तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्याभोंवतीं चिलटें घिरट्या घालूं लागतात. तीं येतात कोठून, ह्या प्रश्नाचा ऊहापोह आमच्या घरांत गेलीं चाळीस वर्षें चालू आहे. सौभाग्यवतींचें मत असें कीं, तीं माझ्यामागून येतात. आणि हें मत अगदींच निराधार आहे असें मला म्हणवत नाहीं. विद्यार्थिदशेंत मी ज्या प्रयोगशाळेंत काम करीत होतों तेथें दुधाच्या बाटल्यांतून ह्याच जातीचीं चिलटें पाळलेलीं असत. मक्याचें पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर-अगर ह्यांची खळ शिजवून आम्ही ती बाटल्यांच्या तळाशीं ओतीत असूं, वर कापसाचा बोळा घट्ट बसवीत असूं, आणि तरीहि संध्याकाळीं घरीं परततांना एखादें चिलट माझ्या सदऱ्याच्या घडींत बसून बरोबर येत असे. "लोकांचीं मुलें बाहेरून कांहींतरी मिळवून आणतात," असें माझी आई त्या वेळीं म्हणे. वाक्याचा उत्तरार्ध ती बोलून दाखवीत नसे.

आंब्यापेरूंना आंतून नासविणारी बागाइतदारांची फळमाशी ती ही नव्हे. तिचें कूळ निराळें. हें आपलें घरगुती चिलट, लाल डोळ्यांचें, जेमतेम तिळाएवढें, पिकून आंबूं लागलेल्या फळाचें भुकेलेलें. शास्त्रज्ञांनीं त्याला 'ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर', म्हणजे 'काळ्या पोटाचें दंवप्रिय', असें भारदस्त नांव दिलें आहे. १९१० सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत टॉमस हंट मॉर्गन ह्यांच्या बाटलींत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर निघाला, आणि तेव्हांपासून आनुवंशिकतेचें शास्त्र ह्या चिलटाच्या पाठीवर बसून जगभर फिरलें. तो इतिहास येथें सांगत बसण्याचें प्रयोजन नाहीं. मला एक कबुलीजबाब द्यावयाचा आहे, आणि तो समजण्यासाठीं चिलटाच्या पोटांत थोडें शिरणें अवश्य आहे.

हल्लींच्या पाठ्यपुस्तकांत 'गुणसूत्र' हा शब्द रूढ झाला आहे. मला मात्र 'रंगसूत्र' हा जुना शब्दच अधिक प्रामाणिक वाटतो. गुणांचा संबंध मागाहून सिद्ध झाला. आधीं माणसांनीं पाहिलें तें एवढेंच कीं, पेशीच्या केंद्रकांत कांहीं सूत्रें आहेत आणि तीं रंग घेतात. तीं सर्वत्र सारखा रंग घेत नाहींत ही गोष्ट एमिल हाइट्झ ह्या जर्मन संशोधकानें १९२८ सालीं शेवाळाच्या पेशींत दाखवून दिली, आणि पुढें त्यानें चिलटाकडे मोर्चा वळविला. पेशीचें विभाजन आटोपलें कीं रंगसूत्राचा बराचसा भाग उलगडून फिका पडतो. परंतु कांहीं भाग मात्र गुंडाळी न सोडतां गडदच राहतो. ह्या गडद भागाला त्यानें 'हेटेरोक्रोमॅटिन' म्हटलें. आपण 'गडद भाग' म्हणूं. चिलटाच्या चार जोड्यांपैकीं प्रत्येक रंगसूत्राचा मध्यबिंदूजवळचा पट्टा गडद असतो. नराचें वाय-सूत्र तर सबंधच गडद, आणि चौथें, जें एका ठिपक्याएवढेंच असतें, तेंहि बहुतांशीं त्याच जातीचें. सारा हिशेब केला तर चिलटाच्या सुमारें १८ कोटी अक्षरांच्या पोथींत तिसरा हिस्सा ह्या गडद भागानें व्यापलेला आहे.

तिसरा हिस्सा! आणि मीं तो प्रथम पाहिला तेव्हां तो मला एका डागाएवढा दिसला होता.

ती हकीकत अशी. चिलटाची अळी वाढीच्या अखेरीस बाटलीच्या कांचेवर चढूं लागते. तिला मिठाच्या पाण्याच्या थेंबांत ठेवावयाचें, एका सुईनें तिचें काळें तोंड दाबून धरावयाचें, दुसरीनें अंग धरून अलगद ओढावयाचें. म्हणजे तोंडाबरोबर लाळग्रंथींची एक जोडी बाहेर येते, कांचेसारखी पारदर्शक, कडेला चरबीचा पांढरा कांठ असलेली. ती रंगांत बुडवावयाची, वर पातळ कांच ठेवावयाची, टिपकागद घालून आंगठ्यानें दाबावयाचें. आंगठा केसभर सरकला तर सगळ्याचा चेंदामेंदा. मला पहिले सात दिवस चेंदामेंद्याखेरीज कांहीं साधलें नाहीं. आठव्या दिवशीं सूक्ष्मदर्शकाखालीं जें दिसलें तें अजून डोळ्यांपुढें आहे. पांच लांब बाहू आणि एक आंखूड, सर्वांवर आडव्या पट्ट्यांची नक्षी, जणूं इरकली लुगड्याचे कांठ सोडवून कोणीं जमिनीवर पसरले आहेत. ह्या ग्रंथींत रंगसूत्राच्या हजाराच्या आसपास प्रती एकमेकींना चिकटून राहतात, म्हणून तें इतकें जाड दिसतें. १९३३ सालीं टेक्ससच्या पेंटर ह्यांनीं ह्या पट्ट्यांचें महत्त्व ओळखलें आणि १९३५ सालीं ब्रिजेस ह्यांनीं त्यांचा नकाशा काढला. सर्व लांबीचे १०२ विभाग पाडून त्यांनीं पट्टा न् पट्टा नोंदला. आम्ही विद्यार्थी तो नकाशा समोर ठेवून पट्टे ओळखीत असूं, आणि एखादा जुळला कीं गांव सांपडल्याचा आनंद होई.

हे सहाहि बाहू जेथें एकत्र येत तेथें एक अस्ताव्यस्त पुंजका होता. ना पट्टे, ना आकार. मीं विचारलें तेव्हां आमचे गुरुजी म्हणाले, "तिकडे पाहूं नका. तेथें वाचण्यासारखें कांहीं नाहीं." मी पाहिलें नाहीं. चांगला विद्यार्थी होतों ना!

आतां रसायनाकडे वळतों. डीएनएची अक्षरें चार: अॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. आपण त्यांना अ, थ, ग, स म्हणूं. अ-ची जोडी नेहमीं थ-शीं, ग-ची स-शीं. पहिल्या जोडींत दोन बंध, दुसरींत तीन. आणि ज्या तुकड्यांत ग-स अधिक तो तुकडा किंचित् अधिक घन. हा फरक इतका सूक्ष्म कीं तराजूला तो कधींच कळावयाचा नाहीं. परंतु सीझियम क्लोराइडच्या द्रवांत डीएनए घालून तें भांडें प्रचंड वेगानें रात्रंदिवस फिरवीत ठेवलें, तर द्रव तळाशीं दाट आणि वर विरळ होतो, आणि डीएनएचा प्रत्येक तुकडा आपल्या घनतेच्या पातळीवर जाऊन स्थिर राहतो. चिलटाचा बहुतेक डीएनए एका पट्टींत जमतो. तिच्या शेजारीं मात्र लहान लहान निराळ्या पट्ट्या उमटतात. चंद्र जसा पृथ्वीपासून थोडा दूर, तशा. म्हणून त्यांना 'उपग्रह डीएनए' असें नांव पडलें. चिलटाच्या उपग्रहांना तर नांवांऐवजीं त्यांच्या घनतेचे आंकडेच चिकटले आहेत: १.६७२, १.६८६, १.६८८ आणि १.७०५.

ह्या पट्ट्या वाचून पाहिल्या तेव्हां त्यांत निघालें काय? १.६७२ मध्यें 'अअथअथ', 'अअथअथ', 'अअथअथ', लाखों वेळां. ग नाहीं, स नाहीं, कोणत्याहि प्रथिनाची आज्ञा नाहीं. चिलटाच्या 'व्हिरिलिस' नांवाच्या आप्तांत हा प्रकार याहून थोर. त्याच्या डीएनएचा सुमारें ४० टक्के भाग तीन उपग्रहांनीं बनलेला. गॉल आणि अॅथर्टन ह्यांनीं १९७४ सालीं ते वाचले, तेव्हां एकांत 'असअअअसथ' हीं सात अक्षरें आणि इतर दोहोंत त्यांचेच एकेका अक्षरानें बदललेले पाठ, एवढीच काय ती विविधता आढळली. त्यापूर्वीं १९६९ सालीं गॉल आणि मेरी लू पार्ड्यू ह्यांनीं, डीएनएचा विशिष्ट तुकडा रंगसूत्रावर नेमका कोठें बसतो हें कांचेवरच शोधण्याची युक्ति काढली होती. त्या युक्तीनें पाहतां उपग्रहांचें वसतिस्थान सांपडलें: तें मध्यबिंदूलगतच्या गडद भागांत होतें. अक्षरांचें प्रमाण आणि रंगसूत्राची घडण ह्या दोन गोष्टी तोंवर दोन निराळ्या पुस्तकांत राहत असत. त्या एकाच जागीं भेटल्या.

आणि माझा तो डाग? १९७१ सालीं गॉल व त्यांचे सहकारी ह्यांनीं व्हिरिलिसच्या लाळग्रंथींतला डीएनए फिरवून पाहिला, तों उपग्रहांच्या पट्ट्या जवळजवळ नाहींशा झालेल्या! ग्रंथीची पेशी फिक्या भागाच्या प्रतींवर प्रती काढते, पण गडद भागाची प्रत ती काढीतच नाहीं. म्हणजे ज्या भव्य चित्रावरून आम्ही रंगसूत्राची सारी कल्पना बांधली, त्या चित्रांतून तिसरा हिस्सा चित्रकारानेंच वगळला होता. आपल्याकडील 'नॅसूटा' ह्या जातींतहि ही प्रत न होणारी गडद जागा कोठें असते, हें काशी हिंदू विश्वविद्यालयांतल्या कुमार आणि लखोटिया ह्यांनीं १९७७ सालीं चकाकणाऱ्या रंगाच्या साह्यानें दाखविलें. ह्या कामीं वापरला जाणारा हेक्स्ट रंग अ-थ जोड्यांना विशेष चिकटतो. रंगसूत्राला जुना शब्द शोभतो म्हणतों तो ह्यासाठीं.

एक सावधगिरी येथेंच सांगून ठेवतों, नाहींतर कोणी समजेल कीं अ-थ वाढले कीं सूत्र गडद झालें. इतकें सोपें तें नाहीं. १.७०५ ह्या उपग्रहांत 'अअगअग' अशी पुनरुक्ति आहे. तिच्यांत ग आहे, तरी ती गडदच राहते. अक्षरें कोणतीं ह्याप्रमाणें तीं किती वेळां आलीं ह्यालाहि महत्त्व आहे.

आतां माझी गोष्ट. १९८४ सालीं मी एका महाविद्यालयांत व्याख्याता होतों आणि हें सर्व वर्गांत मोठ्या झोकांत सांगत होतों. शेवटीं मीं म्हटलें, "हा भाग निरुपयोगी आहे. अडगळ आहे." तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती फारसें बोलणारी नव्हती. तिनें विचारलें, "सर, ज्याचा उपयोग नाहीं तें माशी इतक्या पिढ्या बाळगते कां? आणि अडगळच असेल तर सगळ्या रंगसूत्रांची अडगळ एकाच जागीं गोळा कां होते?"

ह्या प्रश्नाचा पूर्वार्ध नेहमींचा होता. उत्तरार्ध नव्हता. मला त्याचें उत्तर येत नव्हतें, आणि तें येत नाहीं हें मला त्या क्षणीं स्पष्ट कळलें होतें. मीं म्हटलें, "तुमच्या घरीं माळा असेल ना? तेथें सगळी अडगळ एकाच जागीं असते. ती कोणी उपयोगासाठीं ठेवतें कीं काय?" वर्ग हंसला. तीहि हंसली आणि खालीं बसली.

माझ्या बाजूनें बोलावयाचें तर बोलतां येईल. 'अडगळ' हा शब्द ओहनो ह्यांनीं १९७२ सालीं रूढ केला होता. १९८० सालीं ऑर्गेल आणि प्रत्यक्ष क्रिक ह्यांनीं अशा डीएनएला स्वार्थी बांडगूळ म्हटलें होतें. आणि त्यांचें म्हणणें खोटें ठरलें असेंहि नाहीं; गडद भागांत बांडगुळें पुष्कळच आहेत. परंतु क्रिक ह्यांनीं जें तर्क म्हणून मांडलें तें मीं निकाल म्हणून सांगितलें, आणि तेंहि एका मुलीला खालीं बसविण्यासाठीं. मोठ्यांच्या पाठीशीं उभें राहून बोलणाऱ्याचा आवाज मोठ्यांपेक्षांहि मोठा येतो.

त्या वर्षीं परीक्षेंत 'उपग्रह डीएनए' ह्यावर टीप होती. तिनें लिहिलें होतें, "हा भाग निरुपयोगी असून त्यास अडगळ म्हणतात." माझें वाक्य, स्वल्पविरामासकट. मीं पांचांपैकीं पांच गुण दिले. तें उत्तर तपासतांना पेन थांबल्याचें मला आठवतें. पण तें थांबलें इतकेंच. पुढच्या वर्षभरांत तिनें एकहि प्रश्न विचारला नाहीं.

नवल असें कीं, त्याच सत्रांत मी मुल्लर ह्यांचा प्रयोगहि शिकवीत असें. त्यांनीं १९३० सालीं क्ष-किरणांनीं रंगसूत्रें मोडून पुन्हां भलत्या ठिकाणीं जुळलेलीं चिलटें वर्णिली. डोळ्याला लाल रंग देणारें जनुक अशा उलथापालथींत गडद भागाच्या शेजारीं येऊन पडलें, कीं तें जसेंच्या तसें शाबूत असूनहि डोळा लाल-पांढरा चितकबरा होतो. ढवळ्याशेजारीं पवळ्या बांधला तर वाण नाहीं पण गुण लागतो, अशी आपली म्हण. येथें ती उलटी होते. गुण तोच राहतो आणि वाण बदलतो! ज्या 'निरुपयोगी' भागाच्या नुसत्या शेजारानें डोळ्याचा रंग पालटतो, तो भाग निष्क्रिय कसा, हें मला एकाच आठवड्यांत दोन्ही धडे शिकवूनहि कधीं सुचलें नाहीं. सोमवारची वही निराळी आणि गुरुवारची निराळी.

१९८९ सालीं वू आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. चिलटाच्या दुसऱ्या रंगसूत्रावर 'रिस्पॉन्डर' नांवाचा १२० अक्षरांचा एक उपग्रह आहे. तो गळालेलीं चिलटें बाटलींत सुखानें राहतात. त्यांत कांहीं उणें दिसत नाहीं. पण तीं आणि उपग्रह असलेलीं, दोन्ही एकाच पेटींत पिढ्यान्पिढ्या एकत्र नांदविलीं, तर गळालेलीं हळूहळू मागें पडतात. मीं हा निबंध त्या वेळीं वाचला नाहीं. ग्रंथालयांत तें मासिक येत होतें.

मागील पावसाळ्यांत माझी नात, जी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मला म्हणाली, "आजोबा, आम्हांला क्रोमोसेंटरवर बोलावयाचें आहे. तुमच्या वेळीं त्याला काय म्हणत?" मीं म्हटलें, "डाग." ती हंसली आणि तिनें मिशिगन विद्यापीठांतल्या जगन्नाथन, कमिंग्ज आणि यामाशिता ह्यांचा २०१८ सालचा निबंध माझ्यापुढें ठेवला.

तो मीं एका बैठकींत वाचला. चिलटाच्या पेशींत डी-१ नांवाचें एक प्रथिन आहे. अ-थ जोड्यांच्या खांचेंत बरोबर बसणारे आंकडे त्याला असतात, आणि 'अअथअथ' ही त्याची आवडती जागा. त्या संशोधकांना असें दिसलें कीं, हें प्रथिन निरनिराळ्या रंगसूत्रांवरच्या उपग्रहांना धरून त्यांची एक मोळी बांधतें. ती मोळी म्हणजेच तो पुंजका. डी-१ नसलेल्या चिलटांच्या बीजपेशींत ही मोळी सुटते. रंगसूत्रें केंद्रकाबाहेर निसटूं लागतात, त्यांच्याभोंवतीं वेगळीं, चिमुकलीं केंद्रकें तयार होतात, डीएनए मोडतो आणि पेशी मरतात. उंदराच्या पेशींतहि, तेथील उपग्रहाचीं अक्षरें अगदीं निराळीं असतांना, त्यांनीं असेंच घडतांना पाहिलें.

आमच्या घरीं आजोबांच्या पोथ्या होत्या. सुटीं पानें, वरखालीं लांकडी फळ्या, आणि भोंवतीं तांबड्या कापडाचें बासन. बासनावर एकहि अक्षर नसे. लहानपणीं मीं एकदां पतंगाच्या शेपटीसाठीं तें पळविलें होतें. त्यानंतर आजोबा दोन दिवस ओटीवर बसून पानें लावीत होते. तें मला निबंध वाचतां वाचतां आठवलें, आणि त्यानंतर लगेच तिसरा बाक आठवला. "एकाच जागीं गोळा कां होते?" तिनें विचारलें होतें तें हेंच.

ह्याचा अर्थ उपग्रहाचा प्रत्येक तुकडा बासनच आहे, असा कोणीं करूं नये. १.६८८ वर्गांतला ३५९ अक्षरांचा उपग्रह एक्स-सूत्रावरून सबंध काढला तरी चिलट जगतें. मात्र तोच उपग्रह बापाकडून 'सिम्युलन्स' ह्या भाऊबंद जातीच्या अंड्यांत गेला, तर विभाजनाच्या वेळीं तो भाग मागें रेंगाळतो आणि मुली गर्भावस्थेंतच मरतात. फेरी आणि बार्बॅश ह्यांनीं हें २००९ सालीं दाखविलें. चौथ्या ठिपक्याचा प्रश्न आणखी निराळा. त्यावर सुमारें ८० जनुकें आहेत. त्यांत ग-स चें प्रमाण शेंकडा ३५ च्या आसपास, तर इतर सूत्रांच्या फिक्या भागांत तें ४२ च्या आसपास. ह्या ठिपक्यावर आईबापांच्या सूत्रांची अदलाबदल नेहमींच्या स्थितींत होत नाहीं. त्यामुळें निवडीची चाळण तेथें जाड पडते आणि अक्षरें अ-थ कडे झुकत जातात, असा एक खुलासा आहे. नातीला मीं हें सर्व समजावून दिलें. तिनें ऐकून घेतलें आणि मग विचारलें, "पण आधीं झुकाव आला कीं आधीं गडदपणा?" मीं सांगितलें, "मला ठाऊक नाहीं." हें वाक्य उच्चारावयास मला चाळीस वर्षें लागलीं, तिला त्यांत विशेष कांहीं वाटलें नाहीं. ती वहींत कांहींतरी लिहूं लागली.

त्या मुलीचा पत्ता मला गेल्या महिन्यांत एका जुन्या सहकाऱ्याकडून मिळाला. ती आतां साठीच्या घरांत असेल. मीं तिला पत्र लिहिलें आहे. त्यांत निबंधाची एक प्रत घातली आहे, पोथीची हकीकत घातली नाहीं, आणि तिच्या टिपेला दिलेल्या पांच गुणांपैकीं चार मी परत घेतों असें लिहून नंतर खोडलें आहे. गुण तिचे नव्हते, माझे होते. पाकीट मेजावर पडून आहे, कारण मायना ठरत नाहीं. 'चि.' लिहिण्याचा अधिकार मीं त्या दिवशींच घालविला. 'श्रीमती' लिहिलें तर ती ओळखणार नाहीं. सौभाग्यवती म्हणतात, नुसतें नांव लिहा आणि टाका एकदांचें पेटींत. आणि तीं केळीं आतां खातां कीं मी टाकून देऊं?